कायद्याची वाटचाल : मागणीपासून अंमलापर्यंत

कायदा विधिमंडळात संमत होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा उगम पुष्कळदा विधिमंडळाबाहेर, जनतेच्या एखाद्या अडचणीत असतो. आणि सभागृहात मतदान झाले म्हणजे त्याची वाटचाल संपली, असेही नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हे याचे बोलके उदाहरण होय.

राजस्थानात सरकारी कामांवर राबणाऱ्या मजुरांना ठरलेली किमान मजुरी पूर्ण मिळत नसे. हजेरीपट पाहावयास मागितला, तर ते सरकारी दप्तर आहे, दाखविता येत नाही, असे उत्तर मिळे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या भरविल्या. कागदावरील नोंदी तेथे सर्वांसमक्ष वाचल्या जात आणि ग्रामस्थ त्यांचा खरेखोटेपणा सांगत. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरण्यात आले. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्रेस परिषदेने अशा कायद्याचा मसुदा तयार केला.

काही राज्ये या बाबतीत केंद्राच्या पुढे होती. गोव्याच्या विधानसभेने १९९७ मध्येच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. संसदेनेही २००२ मध्ये एक कायदा संमत केला. परंतु तो अंमलात येण्याची तारीख शासनाने कधीच अधिसूचित केली नाही. त्यामुळे तो कागदावरच राहिला.

डिसेंबर २००४ मध्ये नवे विधेयक लोकसभेत मांडण्यात आले. ते केवळ केंद्र शासनापुरते मर्यादित होते. म्हणजे ग्रामपंचायत, तहसील कार्यालय, शाळा, दवाखाना, ज्यांच्याशी सामान्य माणसाचा नित्य संबंध येतो, ती राज्याच्या अखत्यारीतील कार्यालये त्याच्या कक्षेबाहेरच राहणार होती. विधेयक संसदीय समितीकडे गेले. समितीपुढे नागरिकांच्या प्रतिनिधींना आपले म्हणणे मांडता आले. पुढे विधेयकात अनेक दुरुस्त्या झाल्या आणि राज्य शासनेही त्याच्या कक्षेत आली. सभागृहातील भाषणे वृत्तपत्रांत येतात. समितीचे काम मात्र फारसे कोणाच्या नजरेस पडत नाही. तरीही विधेयकातील उणिवा दूर करण्याची मोठी संधी तेथेच असते.

लोकसभेने ११ मे २००५ रोजी आणि राज्यसभेने १२ मे रोजी विधेयक संमत केले. १५ जून रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व विधेयकाचा अधिनियम झाला. राजपत्रात प्रसिद्ध होऊन १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णतः अंमलात आला. राज्याच्या कायद्याचा क्रमही साधारणतः असाच असतो. तेथे विधेयक विधानसभेपुढे येते आणि सर्वसाधारणपणे राज्यपालांची संमती घेतली जाते.

या कायद्यान्वये अर्ज केल्यास जन माहिती अधिकाऱ्याने सर्वसाधारणपणे तीस दिवसांत माहिती द्यावयाची असते. माहिती नाकारल्यास अपील करता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस शुल्क पडत नाही.

एके काळी मजुरांना जो हजेरीपट पाहावयास मिळत नव्हता, त्याची प्रत आज कोणीही नागरिक हक्काने मागू शकतो. नागरिकांनी मागणी केली, लोकप्रतिनिधींनी तिला कायद्याचे रूप दिले. परंतु त्या कायद्याचे बळ टिकविणे हे तो वापरणाऱ्या नागरिकाच्या आणि अर्ज हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती आहे.