तारेचा लोलक

तांब्याची एक मिलिमीटर जाडीची, वीतभर लांब तार घ्या. मऊ, कोरी तार बोटांनी सहज वाकते. आता तोच बाक सरळ करून पाहा. पहिल्यापेक्षा जोर जास्त लागतो आणि गंमत अशी, की बाक होता तेथे तार नीट सरळ होतच नाही. त्याच्या शेजारी वाकते. आणखी काही वेळा असे केलेत तर ती तेथेच तडकून तुटते. तारेचे लोलक घडविणाऱ्याला ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. (लोलक म्हणजे येथे प्रकाशाचे सात रंग दाखविणारा काचेचा ठोकळा नव्हे, तर गळ्यातील साखळीत लोंबणारे पदक.)

असे का होते? धातूत अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. एक सबंध थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा तर प्रचंड बल लागेल. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी पुरते. याचे कारण टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ साली स्वतंत्रपणे सुचविले. समारंभासाठी अंथरलेले जाजम थोडे सरकवायचे असेल तर तुम्ही ते सगळे ओढत नाही. एका कडेला सुरकुती पाडता आणि ती पायाने दुसऱ्या कडेपर्यंत ढकलत नेता. अणूंच्या रचनेतही अशा सुरकुत्या असतात. त्यांना स्थानभ्रंश म्हणतात. त्या सरकतात म्हणून तार वाकते. पण वाकविताना नव्या सुरकुत्याही निर्माण होतात, एकमेकींत अडकतात, आणि गुंता वाढेल तशी तार कठीण होत जाते.

हूकच्या नियमाची सरळ रेषा स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपाशी संपते. दागिना घडविणाऱ्याचे काम तेथून पुढे सुरू होते. शिक्षकांनी फळ्यावर ही रेषा आणखी थोडी पुढे न्यावी, असे मला वाटते.

बाक किती महाग पडतो, याचा हिशेब करता येतो. आपली तार ७ मि.मी. व्यासाच्या पेन्सिलीवर गुंडाळली, तर बाकाच्या बाहेरच्या कडेची लांबी सुमारे एक अष्टमांशाने वाढते. २ मि.मी.च्या खिळ्यावर गुंडाळली, तर एक तृतीयांशाने! म्हणून बारीक वळणे एकदाच आणि बरोबर घ्यावी लागतात.

आता चकलीसारख्या वेटोळ्याचा लोलक करू. व्यास २ सें.मी. हवा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मि.मी. तारेची जाडी १ मि.मी. आणि दोन वेढ्यांत अर्धा मि.मी. फट धरली, तर ३१४ भागिले १.५, म्हणजे सुमारे २१ सें.मी. तार लागेल. कडीसाठी ४ सें.मी. जास्त घ्या. गोल टोकाच्या पकडीने मधला वेढा वळवून बाहेर येत जा. शेवटचे टोक वेटोळ्याच्या कडेने निसटते बाहेर पडते. त्याची तशीच कडी केलीत तर वाढीव टोक एका बाजूला कलते. टोक आधी उभे वळवून कडी बरोबर मध्यावर आणा, कारण टांगलेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य टांगणीच्या थेट खाली येऊन थांबतो. दोऱ्याला टांगून खात्री करा.

मध्येच तार फार कठीण झाली तर ती पकडीत धरून ज्योतीत मंद लाल होईपर्यंत तापवा (हे शिक्षकांसमोरच करा). उष्णतेने नवे, गुंता नसलेले स्फटिक तयार होतात आणि तार पुन्हा मऊ होते. पोलादाप्रमाणे तांबे पाण्यात बुडविल्याने कडक होत नाही, तेव्हा तार खुशाल पाण्यात टाका. वर आलेला काळा थर चिंचेने निघतो. मोटारीच्या वेटोळ्यातील लेप दिलेली तार मात्र तापवू नका. तिचा धूर वाईट.

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर (१८९८–१९७६) हा यांत्रिक अभियांत्रिकीचा पदवीधर. त्याने सुमारे १,८०० दागिने केले. त्यांतले पुष्कळसे पितळी किंवा चांदीच्या तारेचे, हातोडीने ठोकलेले आणि बहुधा डाख न लावता जोडलेले आहेत.

तुम्हीही हातोडी सगळ्यात शेवटी उचला. लोलक ऐरणीवर ठेवून हलके ठोके द्या. ठोकण्यापूर्वी बाहेरचा वेढा बोटाने दाबला तर तो दबलेलाच राहतो. ठोकल्यावर दाबून पाहा, तो उसळून जागेवर येईल.