मरी ते बर्ड्सव्हिल : ओसाड मुलुखांतील मोटारप्रवास

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील ओसाड मुलुखाला तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील मरी गांवापासून क्वीन्सलंडमधील बर्ड्सव्हिलपर्यंत त्या मुलुखांतून सुमारें ५१७ किलोमीटरांचा कच्चा रस्ता जातो. गुरांचे कळप मरीच्या रेल्वेस्थानकाकडे हांकीत नेण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो रुळला. त्या काळीं मालाची ने-आण उंटांवर होई. हे उंट कराची बंदरांतून जहाजांनीं गेलेले, आणि सिंध प्रांत तर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतच मोडत असे!

मार्गाच्या एका बाजूस सिम्प्सन वाळवंटाच्या तांबड्या वाळूच्या रांगा, दुसऱ्या बाजूस स्टर्टचें दगडगोट्यांचें वाळवंट. सूर्यास्ताच्या वेळीं हा देखावा अपूर्व दिसतो. पण त्याच वेळीं कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून अंधारापूर्वीं मुक्काम करावा हें बरें.

प्रवासास मे ते सप्टेंबर हे थंडीचे महिने योग्य. थोड्याशा पावसानेंही रस्त्याचा चिखल होतो, आणि सरकारनें बंद केलेल्या रस्त्यावर मोटार घालणारास दंड होतो. कूपर नाल्याची तऱ्हा तर निराळीच आहे. पाऊस पडतो दूर क्वीन्सलंडांत, आणि त्याचें पाणी कित्येक आठवड्यांनीं निरभ्र आकाशाखालीं येथें येऊन रस्ता बुडवितें. तेव्हां मोटारी तरीवरून पार कराव्या लागतात. यास्तव निघण्यापूर्वीं रस्त्याची खबर घ्यावी.

वाटेंत इंधन मिळण्याचें ठिकाण एकच, मरीपासून सुमारें २०० किलोमीटरांवरील मंगेरानी. जादा चाकें दोन असावींत. पाणी दर माणशीं रोज १० लिटरांच्या हिशेबानें, शिवाय चार दिवसांचें अधिक घ्यावें. गांवाबाहेर मोबाइल चालत नाहीं. उपग्रहाद्वारें चालणारा फोन भाड्यानें घ्यावा. त्याचें भाडें कित्येकांना जड वाटतें, परंतु ही काटकसर नव्हे.

१९६३ च्या डिसेंबरांत, म्हणजे तेथील ऐन उन्हाळ्यांत, पांच माणसांचें एक कुटुंब या मार्गावर वाट चुकलें. पेट्रोल संपलें. मोटार सोडून तीं पायीं निघालीं, आणि पांचही जण मरण पावले. शोधास आलेल्या विमानांतून मोटार दिसते, माणूस दिसत नाहीं. म्हणून मोटार बिघडली तर तिच्याच सावलींत थांबावें. आपण अमुक दिवशीं पोहोंचणार, न पोहोंचल्यास पोलिसांस कळवावें, असें मागें कोणा जबाबदार माणसास लिहून द्यावें. आणि पोहोंचतांच त्यास तसें कळविण्यास विसरूं नये.