जुनी गाडी, नवे पार्ट आणि सरळ बिल

जुन्या वस्तूला पुन्हा कामाची करणे हा आपल्या कारागिरांचा पिढीजात हुन्नर आहे. मोटारीच्या धंद्यातच पाहा. डेंटर, पेंटर, वायरमन, लेथवाले, सीट शिवणारे अशा प्रत्येक कामात आपली माणसे आहेत. या मंडळींपुढे आता एक वेगळे काम येऊ लागले आहे. जुन्या नामांकित गाड्या, विशेषतः स्पोर्ट्स कार, बाहेरून होत्या तशा उभ्या करायच्या आणि आतून त्यांना आजच्या काळचे पार्ट बसवायचे. कामाला मेहनत फार, पण मजुरीही चांगली. प्रस्तुत लेखक मोटारीचा नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. परंतु जुन्या चौकटीवर नवे सामान चढवले तर मालाला काय म्हणायचे, हा प्रश्न येवल्याच्या पेठेला नवा नाही. म्हणून हे चार शब्द.

जग्वारचा दाखला

मार्च १९६१ मध्ये जग्वार कंपनीने जिनिव्हा येथे ई-टाइप ही गाडी जगासमोर आणली. सहा सिलिंडरचे ३.८ लिटरचे इंजिन, २६५ अश्वशक्ती आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेग. गाडी पाहायला एवढी झुंबड उडाली की दुसरी गाडी तातडीने मागवावी लागली. नॉर्मन ड्यूइस यांनी ती इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून रात्रभर चालवत जिनिव्हाला पोहोचवली.

हीच जग्वार २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली. ई-टाइपला ६० वर्षे झाली तेव्हा, २०२१ साली, कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने मूळच्या १२ ई-टाइप घेऊन सहा जोड्या तयार केल्या. इंजिन ३.८ लिटरचेच ठेवले, घाटही तोच. पण गिअरबॉक्स नवा, पाच गिअरचा बसवला. रेडिएटर अॅल्युमिनियमचा, पंखा विजेचा, इग्निशन इलेक्ट्रॉनिक.

असे का केले? पहिल्या ई-टाइपचा गिअरबॉक्स चार गिअरचा होता आणि त्यात पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. गाडी जवळपास थांबल्याशिवाय पहिला गिअर नीट पडत नसे. रहदारीत इंजिन तापण्याची तक्रार तर जुनीच. म्हणजे बदल हौसेखातर नव्हे, गरज पाहून केले. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की कंपनीने ते लपवले नाहीत. कोणता पार्ट नवा आहे हे जाहीर सांगितले आणि तेच सांगून गाड्या विकल्या.

अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे सिंगर नावाची कंपनी २००९ पासून हेच काम जुन्या पोर्शे ९११ गाड्यांवर करते. पत्र्याच्या जागी कार्बन फायबर, इंजिनात वाढवलेली ताकद. तीही स्पष्ट सांगते की आम्ही पोर्शे नव्हे, ग्राहकाच्या गाडीवर काम करणारे कारागीर आहोत. तरी तिच्याकडे गिऱ्हाईक रांग लावून उभे असते.

आधी ब्रेक, मग इंजिन

जाणते उस्ताद या कामाचा क्रम ठरवून घेतात. इंजिनाची ताकद वाढवण्याआधी गाडी थांबवण्याची ताकद वाढवायची. ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क, नवे होज पाइप, नवे टायर, स्टिअरिंग व सस्पेन्शनचे बुश हे पहिले. त्यानंतर पाणी थंड ठेवण्याची व्यवस्था. इंजिनाला हात सर्वांत शेवटी.

वायरिंगमध्ये डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवतात. येथे एक खबरदारी हवी. अनेक जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते. ती न पाहता आजचा अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड जळतात.

काही पार्ट तर इंधनामुळेच बदलावे लागतात. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्या शिशामुळे वॉल्व्हच्या सीटला संरक्षण मिळत असे, म्हणून आता कठीण धातूच्या सीट बसवाव्या लागतात. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबरी पाइप व सील त्याला टिकत नाहीत. ते बदलले नाहीत तर पेट्रोल गळून आग लागण्याचा धोका असतो.

शक्य तेथे नवा पार्ट नटबोल्टने बसवावा, बॉडी कापू नये. काढलेला डायनॅमो, कार्बुरेटर, ब्रेक ड्रम यांना चिठ्ठी लावून ते मालकाच्या ताब्यात द्यावेत. भंगारात घालू नयेत. उद्या कोणाला गाडी पुन्हा मूळ रूपात हवी असेल तर तेच पार्ट लाखमोलाचे ठरतात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच सांगितले. इंजिन बदलायचे तर आधी आर.टी.ओ.ची मंजुरी हवी. चालत्या कामात ही गोष्ट विसरली जाते आणि पुढे अपघात झाला की विम्याच्या वेळी अडचण उभी राहते.

दुसरा नियम जुलै २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. मात्र अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नसावा. म्हणजे मालकाने आधीच ठरवावे, व्हिंटेजचा नंबर हवा की वाढवलेली ताकद. आणि हे त्याला काम सुरू होण्यापूर्वी सांगणे हे कारागिराचे कर्तव्य आहे.

पैठणीचा न्याय

येवल्यात पैठणीचा पदर छोट्या कांड्यांनी, रंगारंगाचा धागा हाताने गुंफून विणतात. काही मागांवर जॅकार्ड चढले आणि नक्षी लवकर निघू लागली. जॅकार्डचा माल वाईट नाही, त्याला त्याचे गिऱ्हाईक आहे. जर खरी असो वा टेस्टेड, दोन्ही विकल्या जातात. बिघडते कोठे? जॅकार्डची साडी हातगुंफणीची म्हणून आणि टेस्टेड जर चांदीची म्हणून खपवली की बिघडते. त्यात नुकसान एका गिऱ्हाइकाचे होत नाही. महिनोन्‌महिने मागावर बसणाऱ्या विणकराच्या मालावरचाही विश्वास उडतो आणि त्याची मजुरी पडते.

मोटारीचेही तसेच आहे. गाडी आज एकाची, उद्या दुसऱ्याची. तिसऱ्या मालकाने बॉनेट उघडून फसवणूक ओळखली की विकणाऱ्याच्या आधी गॅरेजचे नाव निघते.

तेव्हा गॅरेजवाल्या बांधवांना सांगणे एवढेच. बिलाचे दोन भाग करा. एकात दुरुस्त केलेले मूळ पार्ट, दुसऱ्यात नवे बसवलेले पार्ट. कामाआधीचे व नंतरचे फोटो जोडा. एक प्रत मालकाला द्या, एक स्वतःकडे ठेवा. कोऱ्या कागदावर बेरीज लिहून देण्याची सवय सोडा. हातातला हुन्नर उस्तादाकडून मिळतो, पण त्याची किंमत बाजारात या कागदावर ठरते.