जीवदयेची पुढची पायरी

मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही त्यास साथ दिली. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांनी तेथे पांजरपोळाची स्थापना केली. निराधार प्राण्यांसाठी देणगी देणे आपल्या घराण्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु ज्याला आपण आधार दिला, तोच जीव एखाद्याचे दुःख हलके करू शकतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

मुंबईतील मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या ‘अॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ने प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने मानसोपचाराचे काम उभे केले. २०१६ मध्ये मुंबई विमानतळावरही प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी असे कुत्रे आणण्यात आले.

आपल्या नांदेड-लातुरात या कामाची गरज कमी नाही. बँकेत असताना मी पाहिले आहे, की पेन्शनसाठी आलेले कित्येक वृद्ध काम आटोपल्यावरही काउंटरपाशी रेंगाळत. मुले पुण्या-मुंबईस गेलेली; त्यांना पैशांपेक्षा बोलणे हवे असे.

मात्र प्रत्येक कुत्रा या सेवेस योग्य नसतो. कर्ज देण्यापूर्वी पत पाहतात, तशी येथे स्वभावाची पारख करावी. निवाऱ्यातून शक्यतो वर्षाहून मोठा कुत्रा घ्यावा, कारण त्याचा स्वभाव बराचसा स्थिरावलेला असतो. अनोळखी माणसाजवळ तो आपणहून यावा. भांडे पडल्यास दचकला तरी लवकर सावरावा. घरी आणल्यावर नसबंदी, जंतनाशक औषध आणि रेबीजची लस यांसाठी पशुवैद्यकाकडे न्यावे. उदगीर व परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. आहार शाकाहारी ठेवायचा असल्यास तोही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ठरवावा. कांदा-लसूण कुत्र्यास विषारी असतो; तो आपल्या स्वयंपाकघरात नसला, तरी प्रसादातील मनुके आणि मुलांचे चॉकलेटही तितकेच घातक असतात, हे विसरू नये.

पहिले काही आठवडे त्याला घराशी रुळू द्यावे. नंतर बस, थांब, ये, सोड या आज्ञा खाऊ देऊन शिकवाव्यात; मारून कधीही नाही. काठी, चाकाची खुर्ची, कान व पंजा हाताळणे यांची हळूहळू सवय लावावी. अंगावर उडी मारणे पूर्णपणे सुटल्यावाचून त्याला आजारी माणसाजवळ नेऊ नये. भेट अर्ध्या तासाहून मोठी नसावी. त्याने वारंवार जांभई दिली, ओठ चाटले किंवा तोंड फिरवले, तर तो थकला असे समजून भेट तेथेच संपवावी.

एवढे करूनही काही कुत्रे या कसोटीस उतरत नाहीत. अशा वेळी त्याला परत पाठवू नये. तो दहा-बारा वर्षे आपल्या घरचा सदस्य म्हणून राहील, एवढी तयारी असेल तरच हे पाऊल उचलावे. उपयोग पडला नाही म्हणून सोडून देणे हा व्यापार झाला. त्याला जीवदया म्हणता येणार नाही.