वर्दी उतरवणारे काळे कोट

नोव्हेंबर २०२५मध्ये पाकिस्तानच्या संसदेने सत्ताविसावी घटनादुरुस्ती चार-पाच दिवसांत उरकली. फील्ड मार्शल असीम मुनीर यांना तहहयात वर्दी मिळाली, तिन्ही दलांचे प्रमुखपद मिळाले आणि फौजदारी खटल्यापासून जन्मभराचे संरक्षणही. राष्ट्राध्यक्षांची सही झाली त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राजीनामे दिले. एक मन्सूर अली शाह, दुसरे अथर मिनल्लाह. मिनल्लाह हे २००७मध्ये सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींचे प्रवक्ते होते. परवेझ मुशर्रफ यांची सत्ता ज्या वकिलांनी खिळखिळी केली, त्यांच्यातलेच ते एक. म्हणून ही बातमी मला नुसती बातमी वाटली नाही, ती लागली.

मुशर्रफ यांची पहिली पंचावन्न वर्षे झटकन सांगता येतात. १९४३मध्ये दिल्लीच्या दर्यागंजमध्ये जन्म, फाळणीनंतर कराची, वडिलांच्या नोकरीमुळे काही वर्षे तुर्कस्तान, मग तोफखाना आणि कमांडो दल. ऑक्टोबर १९९८मध्ये नवाझ शरीफ यांनी ज्येष्ठांना डावलून त्यांना लष्करप्रमुख केले. भारतातून आलेल्या मुहाजिर कुटुंबातल्या माणसाचा पंजाबी-पठाणांच्या लष्करात स्वतःचा गट नसणार, असा शरीफ यांचा हिशेब होता, असे तेव्हापासून बोलले जाते. तो हिशेब किती चुकला, हे वर्षभरातच दिसले.

फेब्रुवारी १९९९मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, मिनार-ए-पाकिस्तानपाशी उभे राहिले. त्याच काळात मुशर्रफ यांचे सैनिक कारगिलच्या शिखरांवर ठाण मांडत होते. आपले ५२७ जवान त्या उन्हाळ्यात गेले. महाराष्ट्रातल्या गावांतही तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या आल्या. दूरचित्रवाणीवर पाहिलेले पहिले युद्ध ते, त्यामुळे माझ्या पिढीच्या मनातून ते जात नाही. आणखी एक गोष्ट मी विसरणार नाही. नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीच्या स्वतःच्याच जवानांचे मृतदेह पाकिस्तानने आपले मानले नाहीत. त्यांचे दफन भारतीय सैनिकांनी केले. ज्याने आपल्या मेलेल्या शिपायाला ओळख दिली नाही, तो ‘सैनिकांचा सैनिक’ कसा, हे मला आजही कळत नाही.

१२ ऑक्टोबर १९९९ला शरीफ यांनी मुशर्रफ यांना पदावरून काढले. कोलंबोहून येणारे त्यांचे विमान कराचीवर घिरट्या घालत असतानाच खाली लष्कराने देश ताब्यात घेतला. पुढच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘गरजेच्या तत्त्वा’वर या उठावाला मान्यता दिली.

आणि मग आग्र्याची शिखर परिषद. जुलै २००१मधली भारतीय संपादकांबरोबरची मुशर्रफ यांची ती न्याहारी मी पूर्ण पाहिली. आपली नामवंत मंडळी समोर बसलेली, आणि काश्मीरवर बोलायचे की नाही याचे धडे कारगिलचा कर्ता त्यांना देत होता. जेवढे खडसावून विचारायला हवे होते तेवढे कोणी विचारले नाही. रोखठोक, आधुनिक, मोकळा माणूस अशी त्यांची तारीफ नंतर कित्येक महिने आपल्याकडे चालली. तेव्हाही संताप आला होता, अजूनही येतो.

२००३च्या शस्त्रसंधीपासून पुढची तीन-चार वर्षे मात्र खरोखर वेगळी होती. नियंत्रणरेषेवरचा गोळीबार थांबला, एप्रिल २००५मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुटली, भारताचे दूत सतिंदर लांबा आणि पाकिस्तानचे तारिक अझीझ पडद्याआड भेटत राहिले. त्या दिवसांची हळहळ मलाही आहे. पण मुशर्रफ यांच्या ज्या चार कलमी काश्मीर सूत्राचे आज गोडवे गातात, त्यावर पाकिस्तानच्या संसदेत चर्चासुद्धा झाली नव्हती. एका वर्दीच्या भरवशावर काश्मीर सुटेल, असे मानणाऱ्यांशी माझे तेव्हाही पटले नाही.

मला जपून ठेवावेसे वाटते ते २००७. ९ मार्चला वर्दीतल्या मुशर्रफ यांनी सरन्यायाधीशांना रावळपिंडीत बोलावून, गुप्तचर प्रमुखांच्या उपस्थितीत राजीनामा मागितला. चौधरी काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. २०००मध्ये मुशर्रफ यांच्याच हंगामी आदेशाखाली त्यांनी शपथ घेतली होती. पण त्या दिवशी ते ‘नाही’ म्हणाले, आणि निलंबित झाले. मे महिन्यात त्यांचे वकील ऐतझाझ अहसान त्यांना गाडीत घालून इस्लामाबादहून लाहोरला निघाले. चार-पाच तासांचा रस्ता, पण गावोगावच्या गर्दीमुळे पोचायला सुमारे एक दिवस लागला. फुलांच्या पाकळ्या आणि काळे कोट. १२ मेला कराचीत चाळीसहून अधिक माणसे मारली गेली, तरी वकील घरी बसले नाहीत. जुलैत चौधरी परत न्यायासनावर आले. ३ नोव्हेंबरला मुशर्रफ यांनी आणीबाणी लादली, साठच्या आसपास न्यायाधीश घरी बसवले, आणि ज्या खासगी वाहिन्यांना आपण स्वातंत्र्य दिले असे ते मिरवत, त्याच बंद पाडल्या. पंचवीस दिवसांनी त्यांना वर्दी उतरवावी लागली. तिला ते आपली दुसरी कातडी म्हणत. डिसेंबरात माजी पंतप्रधान बेनझीर भुट्टो मारल्या गेल्या, फेब्रुवारीत मुशर्रफ यांचा पक्ष निवडणूक हरला, १८ ऑगस्ट २००८ला महाभियोग टाळण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला.

पुढचे सगळे लांबण आहे. लंडन, दुबई, २०१३मधले फसलेले पुनरागमन, नजरकैद, २०१६मध्ये उपचारासाठी परदेशी प्रयाण. २०१९मध्ये विशेष न्यायालयाने देशद्रोहाबद्दल फाशी सुनावली. ५ फेब्रुवारी २०२३ला ते दुबईत वारले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली जानेवारी २०२४मध्ये. उशीर झाला खरा. तरी घटना मोडणारा लष्करप्रमुख गुन्हेगार ठरतो, एवढे तरी पाकिस्तानच्या दप्तरी नोंदले गेले होते.

ती नोंद दोन वर्षेही टिकली नाही. आणि ती निकामी कोणी केली? मुशर्रफ यांनी ज्यांना भाऊ नवाझ यांच्यासह देशाबाहेर घालवले, ते शाहबाझ शरीफ आज पंतप्रधान आहेत. दुरुस्तीवर सही करणारे झरदारी हे बेनझीर यांचे पती. त्याच बेनझीर आणि नवाझ शरीफ यांनी मे २००६मध्ये लंडनला लोकशाहीच्या सनदेवर सह्या केल्या होत्या, लष्कराला राजकारणातून दूर ठेवू म्हणून. त्यांच्याच पक्षांनी, मुशर्रफ यांना नऊ वर्षांच्या राजवटीत जे मिळवता आले नाही, ते मुनीर यांना मते देऊन बहाल केले. कारगिल आखणाऱ्यांना शिक्षा झाली नाही, याची बोच आपल्याकडच्या त्या घरांना आजही आहे. उद्या रावळपिंडीच्या फील्ड मार्शलनी तसेच काही आखले, तर त्यांच्यावर खटला भरण्याची सोयही आता तिथल्या कायद्यात राहिलेली नाही.