जंतू सापडला नाही, तरी गोळ्या का?

कळंबा तलावाजवळ राहणाऱ्या आमच्या खालांच्या नातवाला गेल्या थंडीत पंधरा दिवस ताप होता. मग उलट्या सुरू झाल्या, मान ताठ झाली. डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढले, मेंदूच्या टीबीचा संशय सांगितला आणि लगेच औषधे सुरू केली. दोन दिवसांनी सीबीनॅटचा अहवाल आला : जंतू आढळला नाही. "अल्हम्दुलिल्लाह! आता गोळ्या बंद करा," खाला म्हणाल्या. डॉक्टर ऐकेनात. आम्हालाही ते कोडेच वाटले, म्हणून चौकशी केली.

सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधते. मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात. काढलेल्या चमचाभर पाण्यात ते आलेच नाहीत, तर डीएनए कुठून मिळणार? कल्चरला कित्येक आठवडे लागतात आणि या आजारात एकेक दिवस मोलाचा. पण जंतूची प्रथिने त्या पाण्यात उतरलेली असू शकतात. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील संशोधकांनी त्यांचाच माग काढला.

अडचण अशी, की प्रथिनाच्या नकला काढता येत नाहीत, डीएनएच्या येतात. पीसीआर यंत्रात तो दर फेरीला दुप्पट होतो, तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर. १९९२ साली अमेरिकेत सानो, स्मिथ आणि कँटर यांनी नामी युक्ती केली. प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला त्यांनी डीएनएची शेपटी जोडली. न चिकटलेले धुऊन टाकायचे, उरलेल्या शेपट्या वाढवून मोजायच्या. प्रथिनाचे अवघे ५८० रेणूही त्यांना ओळखता आले. (धुणे नीट झाले नाही, तर मात्र नसलेलेही दिसते!) रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठात टीबीसाठी ही पद्धत वापरून पाहिली गेली.

फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ आणखी पुढे गेले. डीएनएची एक छोटी पट्टीच अशी दुमडते, की टीबीच्या एचएसपीएक्स नावाच्या प्रथिनाला नेमकी जाऊन बसते. अँटिबॉडीची गरजच नाही. अशा पट्टीला ॲप्टामर म्हणतात.

आमच्या हातातल्या अहवालात यातले काहीच नव्हते. खालांना आम्ही एवढेच विचारले, "मूठभर तांदळात खडा मिळाला नाही, म्हणून पोते न निवडताच शिजवाल का?"

गोळ्या चालू राहिल्या. आता नववा महिना आहे. मुलगा शाळेत जातो. डाव्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवले आहे.