काळ्या ठोकळ्यावरची पहिली रेघ

‘वुदरिंग हाइट्स’ची रँडम हाऊसने १९४३ साली काढलेली आवृत्ती हाती आली, तर आधी झाडाखालचा हीथक्लिफ शोधावा. भोवती वादळ, डोक्यावर पिळवटलेल्या फांद्या, आणि खोडाशी उभा तो माणूस. झाडाची साल आणि माणसाचं दुःख एकाच कोरणीतून उतरलं आहे. ते चित्र पाहिल्यापासून माझ्या मनातला हीथक्लिफ बदललाच नाही.

चित्रकार फ्रिट्झ आयशेनबर्ग. जन्म १९०१, कोलोन. पोरवय पहिल्या महायुद्धात गेलं. छापखान्यात उमेदवारी करून तो लाइपझिगच्या कला अकादमीत गेला. तिथे ‘गोलेम’ कादंबरीचे चित्रकार ह्यूगो श्टाइनर-प्राग त्याचे गुरू. पुढे बर्लिनच्या नियतकालिकांत तो हिटलरवर बोचरी व्यंगचित्रं काढू लागला. घराणं ज्यू. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्याने देश सोडला आणि न्यू यॉर्क गाठलं.

लाकडावरचं कोरीवकाम हे त्याचं माध्यम समजून घेतल्याशिवाय तो कळत नाही. खोड आडवं कापून त्याचा घट्ट, गुळगुळीत ठोकळा करायचा आणि त्यावर टोकदार कोरणी चालवायची. शाई लावून छापलं की कोरलेला भाग कागदावर पांढरा उमटतो, न कोरलेला काळा. कागदावर चित्र काढणारा पांढऱ्यावर काळं भरत जातो. इथे सुरुवातच मिट्ट काळोखापासून होते, आणि पहिली रेघ म्हणजे पहिला उजेड. शिवाय सगळं उलटं कोरायचं, आणि एकदा गेलेली रेघ परत भरून निघत नाही. दस्तयेवस्कीच्या कादंबऱ्यांना याहून योग्य माध्यम मला तरी सुचत नाही. ‘गुन्हा आणि शिक्षा’ त्याने १९३८ साली लाकडातच कोरली. ‘करमाझफ बंधूं’साठी मात्र तो शिळाछापाकडे वळला. टॉलस्टॉय, पो, स्विफ्ट हेही त्याने चित्रित केले. पण ब्राँटे भगिनी आणि दस्तयेवस्की यांच्या पुस्तकांत तो सर्वांत खोल उतरला, असं माझं मत.

१९३७ साली पत्नी गेली आणि तो पार खचला. काही काळाने क्वेकर पंथाच्या मौन प्रार्थनेत त्याला आधार सापडला. १९४९ मध्ये डोरोथी डे भेटल्या. त्यांचं ‘कॅथलिक वर्कर’ हे वृत्तपत्र एका सेंटला विकलं जाई. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळतील अशी चित्रं त्यांना हवी होती. आयशेनबर्गने ती दिली, आणि पुढे अनेक वर्षं देत राहिला. त्याने प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी घडवले, १९७६ साली ‘द आर्ट ऑफ द प्रिंट’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. तरी मला तो जास्त भावतो या एका सेंटच्या पानांवर.

त्यातलं एक चित्र अन्नासाठी लागलेल्या रांगेचं आहे. थंडीने आखडलेली, खांदे पाडून उभी असलेली माणसं. मधोमध त्यांच्यासारखाच अंग आवळून येशू उभा आहे. तो वाढायला आलेला नाही. तोही भुकेला आहे. माणसं जवळजवळ काळीच ठेवली आहेत. कोरणी मोकळी चालली आहे ती फक्त त्याच्या डोक्याभोवती.